उलटी बोटं

“ताई, फाइल बंद करायले गेली का खाली भलतीच खिडकी उघडते. काहून?” प्रेरणाने विचारलं.

“तुह्या बोटाइले घाई हाये म्हणून,” रुपाली म्हणाली. खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं.

कापसाचे भाव पडल्याची ती वर्षं. यवतमाळच्या त्या कचेरीत दोघी कापूसवाल्यांच्या गावनिहाय याद्या टाइप करत. रुपाली चार वर्षांपासून, प्रेरणा दोन महिन्यांपासून. फुलसावंगीचं स्पेलिंग रुपाली हमखास चुकवायची आणि बबनराव साहेब ओरडायचे. आताशा तिच्या यादीत एकही चूक निघत नव्हती. तरी गुण गायचे ते प्रेरणाचे! नव्याचे नऊ दिवस म्हणतात. हिचे साठ झाले तरी सरेनात.

आज दुपारी साहेब याद्या पाहणार आणि दोघींतली एकच ठेवणार होते.

तासाभराने प्रेरणा ओरडली, “ताई, समजलं! आंधी कोलन, ते दोन टिंबं, मंग क्यू, तवा बंद होते. उलटं दाबलं का आपण दिलेले जुने हुकूम एकाखाली एक दाखवते.”

“वा पोरी!” साहेब दारातूनच म्हणाले. “चार वर्षांत कोणाले सुचलं नाही.”

रुपालीच्या पोटात दुखलं. चार वर्षं कोणाची, ते शिपायालाही कळलं असेल.

प्रेरणा डबा खायला गेली. तिच्या पडद्यावर नावांची यादी उघडीच होती. रुपाली तिच्या खुर्चीत जाऊन बसली. स्वतःची यादी तिने सकाळीच पुरी करून आतल्या मोठ्या मशीनवर ठेवली होती, जिथल्या फाइली कुठल्याही पडद्यावरून उघडत. आता ही तेवढी नसली की झालं. नावं वाचायचीही तिला गरज वाटली नाही. सगळ्या ओळी पुसायचा हुकूम तिने दिला, मग जतन करायचा. पडदा कोरा झाला. जिवाला गार वाटलं.

“रुपाली, पह्यले तुही यादी उघडून राह्यलो,” साहेब आतून म्हणाले.

“उघडा न साहेब!”

ती घाईने फाइल बंद करायला गेली आणि बोटं उलटी पडली. खाली खिडकी उघडली. शेवटच्या दोन ओळी तिच्याच होत्या, पुसल्याची आणि जतन केल्याची. त्यांच्या वर प्रेरणाने आज केलेल्या दुरुस्त्या होत्या, पहिलीच फुलसावंगीची. आणि त्याहून वर फाइल उघडायचा हुकूम. त्याच्यापुढे फाइलचं नाव होतं, रुपाली.