सक्त ताकीद

लेकीला, संबोधीला मधुमेह, म्हणून तिला गोड द्याल तर याद राखा, असा दम रूपालीनं शिवाजी पेठेतल्या तमाम दुकानदारांना भरून ठेवला होता. आज शाळेतून येताना पोरगी रस्त्यातच घामाघूम होऊन थरथरायला लागली. मशीननं साखर चोपन्न दाखवली. आता गोड पोटात गेलं नाही तर शुद्धच हरपायची. रूपालीनं समोरचं रसवंतीगृह गाठलं.

"गुंडूदादा, हिला रस द्या! साखर उतरलीय!"

"उतरली? मग झ्याक झालं की! न्हाय द्यायचा."

"मग मला द्या, मी पिते!"

गुंडूनं ग्लास दिला. तिनं तो पोरीच्या तोंडाला लावला. पंधरा मिनिटांनी आकडा ब्याण्णववर आला.

"बघा, वाढली की!" गुंडू कळवळला.

रूपालीला रडता रडता हसू फुटलं.

"हसताय काय? आई हाईसा का कोण तुमी?"