बिघाडाचं कारण

"बाई, तुमच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार," व्यवस्थापक म्हणाले. "दिसत नाही म्हटल्यावर हे व्हायचंच."

ताई कळफलकावरून हात काढून बसल्या. अंधशाळांसाठी ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात त्या एकोणीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर तो बोलेना. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅमच नाहीसा झाला होता. बाइंडरला बोलावून पडदा वाचायला लावला, तेव्हा कळलं की मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्रॅमही गेलाय आणि वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं फोल्डर रिकामं आहे. परीक्षा सोमवारी होती. आज गुरुवार.

नाजूक यंत्रावर आंधळं माणूस बसवलं ती मुळात दया होती, आणि दयेचं हे असं होतं, हे व्यवस्थापकांचं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा सांगून झालं होतं. आठवड्याभरात ताईंनी मागच्या खोलीत गठ्ठे बांधायला बसावं, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुरुस्तीवाला अकराला आला. कमी बोलणारा, पोक काढून चालणारा माणूस. मशीनवर लिनक्स आहे हे ऐकताच व्यवस्थापकांनी त्याला समजावलं की फुकटातली सिस्टिम फुकटातल्यासारखीच वागणार. आपला मेव्हणा कॉम्प्युटरमधलाच आहे, त्यामुळे आपल्याला यातलं बरंच कळतं. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. या मशीनवर आता कोणी काही साठवायचं नाही, एवढं बजावून तो कामाला लागला. डिस्क भरत आली होती, पण धडधाकट होती. व्हायरस नव्हता. मग त्याने सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. कुठला प्रोग्रॅम कधी काढला आणि कोणी काढायला लावला, हे ही सिस्टिम आपणहून लिहून ठेवते, असं त्याने सांगितलं. मेव्हण्याने हे सांगितलेलं दिसत नव्हतं.

"वाचून दाखवा," ताई म्हणाल्या.

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी 'पायथन' हा पायाभूत प्रोग्रॅम काढून टाकण्याचा हुकूम दिला गेला होता. त्याच्या जिवावर चालणारे एकशे चाळीस प्रोग्रॅम त्याच्याबरोबर गेले. ताईंचे दोन्ही त्यातच. काढण्याआधी सिस्टिम पूर्ण यादी दाखवते, खरंच काढू का म्हणून विचारते. उत्तर 'हो' असं दिलेलं होतं. आणि हुकुमाला मुख्य पासवर्ड लागतो, तोही बरोबर दिला होता.

तो पासवर्ड एकट्या व्यवस्थापकांकडे असे. आंधळ्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या नसतात, असं म्हणून त्यांनी तो स्वतःकडे ठेवला होता.

मग त्यांनी सांगितलं. जागा संपत आल्याची सूचना आली होती. मेव्हण्याने फोनवर दोन ओळी सांगितल्या, त्यांनी त्या टाइप केल्या. पायथन हे शिकाऊ पोरांचं खेळणं आहे, छापखान्यात त्याचं काय काम, असं मेव्हण्याचं म्हणणं.

"आणि प्रश्नपत्रिका?" ताईंनी विचारलं.

"त्या फायली मी स्वतः उघडून पाहिल्या. नुसते स्वल्पविराम, आकडे, उलटसुलट खुणा. धड एक शब्द नाही. कचरा होता सगळा."

"ते ब्रेल होतं."

"ब्रेल ठिपक्यांचं असतं," व्यवस्थापक म्हणाले. अकरा वर्षं ते ब्रेल छापखाना चालवत होते.

फायलीत ब्रेल असंच खुणांनी साठवतात, ठिपके छपाईचं यंत्र उठवतं, हे दुरुस्तीवाल्याने त्यांना पडद्याकडे बघतच सांगितलं.

त्याने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि खोडलेल्या जागा चाळायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत चाळीसपैकी सदतीस फायली निघाल्या. पण नावं गेली होती, नुसते क्रमांक उरले होते. कुठली कुठल्या विषयाची ते त्याला कळेना. व्यवस्थापकांना कळण्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या मशीनवरून प्रत्येकीचं पहिलं पान छापून घेतलं. ताईंनी कागद पुढे ओढले.

"सातवी, भूगोल. आठवी, गणित. ही सहावीची भाषा, दुसरा प्रश्न अर्धाच आलाय."

बाइंडर नावं लिहून घेत गेला. राहिलेल्या तीन प्रश्नपत्रिका ताईंनी मूळ प्रतीवरून त्याच्याकडून वाचून घेऊन पुन्हा ब्रेलमध्ये उतरवल्या. गठ्ठे बांधण्याचा विषय कोणी काढला नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत दुरुस्तीवाल्याने सगळे प्रोग्रॅम परत बसवले. मुख्य कार्यालयाला पाठवायचा अहवाल त्याने ताईंच्याच मशीनवर भरला. 'बिघाडाचं कारण' या शब्दांपुढची जागा मात्र मोकळी सोडली. सही साहेबांची आहे, ओळही त्यांनीच भरावी, असं म्हणून तो उठला. ताई शेजारच्या टेबलावर छापून आलेली पानं तपासत होत्या. व्यवस्थापक खुर्ची ओढून बसले आणि हळूहळू, एकेका बोटाने टाइप करू लागले.

"अंध," मशीन म्हणालं. आवाज स्वच्छ होता, खोलीभर जाणारा. "कर्मचाऱ्याच्या."

व्यवस्थापक थबकले. पण वाक्य एकदाचं संपवायच्या घाईत त्यांचं बोट पुढच्या अक्षरांवर गेलंच.

"च. दीर्घ ऊकार. क. दीर्घ ईकार," मशीन म्हणत राहिलं. "चूकीमुळे."

बाइंडरची सुई कागदात तशीच राहिली. व्यवस्थापक आवाज बंद करायचं बटण शोधू लागले. जे जे दाबलं त्याचं त्याचं नाव मशीनने मोठ्याने सांगितलं. दुरुस्तीवाला हत्यारं आवरत होता, त्याने वर पाहिलं नाही.

ताईंनी कागदावरचं बोट उचललं नाही.

"'चुकीमुळे'तला 'चु' ऱ्हस्व असतो, साहेब," त्या म्हणाल्या. "बाकीचं वाक्य तुमचं आहे. त्याला मी हात लावत नाही."