शर्वाणीची नोंद

श्रीरंग दर दिवाळीला क्लिनिकमध्ये जाऊन संगणकावरचे आवडते खेळ डोक्यातून पुसून घ्यायचा, म्हणजे ते पुन्हा नव्याने खेळता यायचे. कुठला खेळ खेळण्याजोगा आहे, ते त्याच्या वहीत लिहिलेलं असायचं.

या वेळी वाचताना तो अडखळला.

‘मोटारींची शर्यत : ठीक. वळणावर ती मुद्दाम मागे राहते.’

‘भुयार : रटाळ, पण तिच्या बडबडीत वेळ जातो.’

‘किल्ला : सर्वांत उत्तम. ती नसेल तर खेळू नये.’

अक्षर त्याचंच होतं. ती कोण, हे मात्र काही केल्या आठवेना. त्याने किल्ल्याचा खेळ लावला. पडद्यावर किल्ल्याच्या दारापाशी दुसरी खेळाडू आधीच उभी होती.

“आलास?” हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला.

“तुम्ही मला ओळखता?”



“मी शर्वाणी. आपण फक्त खेळातच भेटतो, त्यामुळे खेळाबरोबर मीही पुसली जाते. या वेळी माझं नाव वहीत लिहून ठेवणार होतास.”

गोंधळून श्रीरंगने वही चाळली. शेवटच्या पानावर नाव होतं.

‘शर्वाणी : पहिली भेट सर्वांत छान. पुन्हा पुसून घ्यावी.’

“लिहिलंयस का?” तिने विचारलं.