निळीच राहिलेली नळी

चीनच्या आन्हुई प्रांतातल्या एका तालुक्याच्या शाळेत दोंग बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. त्या दिवशी प्रथिनं ओळखण्याचा प्रयोग होता. कॉस्टिक सोडा आणि मोरचूदाचे थेंब टाकल्यावर प्रथिनं असली तर जांभळा रंग येतो, नसली तर निळाच राहतो. अंड्यातलं पांढरं जांभळं झालं, सोयाबीनचं दूधही झालं. घरात बाळाच्या दुधाच्या पावडरचा अर्धा डबा पडून होता, म्हणून बाईंनी तोही आणला होता. त्या पावडरची नळी निळीच राहिली.

"बाई, तुमचं रसायन बाद झालंय!" मुलं हसली.

बाईंनी नवं रसायन घेतलं. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा निळंच.

तास अर्ध्यावर टाकून त्या घरी आल्या. सून युनफांग अंगणात मोहरीचा पाला वाळत घालत होती. बाळ जाऊन चाळीस दिवस झाले होते. आईनंच पोराला उपाशी ठेवलं, असं गाव म्हणत होतं, आणि सासूही तेव्हापासून तिच्याशी धड बोलली नव्हती.

"दिवसातून किती वेळा पाजायचीस गं त्याला?"

"सहा वेळा, आई," खाली मान घालून युनफांग म्हणाली. "रडला तर आणखी एकदा. खरंच सांगते."

बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या.

"तू पाजत होतीस, पोरी. त्यात दूधच नव्हतं. आणि ते डबे मी आणत होते."