दुसरी तपासणी

बाळाच्या लघवीत नशेचं औषध सापडलं, असं सांगून अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका इस्पितळाने शेल्बीची नुकतीच जन्मलेली मुलगी तिच्या कुशीतून उचलून नेली. "मी काहीही घेतलेलं नाही! आणि मला न विचारता तिची तपासणी केलीतच कशी?" शेल्बी ओरडत राहिली.

बाहेर बालकल्याण खात्याच्या बाईंनी तिच्या आईला, व्हर्नाला, हळूच विचारलं, "याआधी कधी असं काही?"

लेकीने पुन्हा माती खाल्ली, या विचाराने व्हर्नाची मान वर होईना. "कॉलेजात असताना गोळ्या घ्यायची," ती पुटपुटली. "मला वाटलं होतं, सुटल्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. पुन्हा केलेल्या बारकाईच्या तपासणीत उलगडा झाला होता. ते औषध इस्पितळानेच शेल्बीला बाळंतपणात, कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून टोचलेलं होतं. त्यांनी माफी मागितली.

"मग आणा माझं बाळ," शेल्बीने हात पुढे केले.

"आज नाही देता येणार," खात्याच्या बाई म्हणाल्या. "रिपोर्ट चुकला, हे कबूल. पण तुमच्या जुन्या व्यसनाचं आमच्या कानावर आलंय. त्याची चौकशी आता पुरी करावीच लागेल."

त्या गेल्या तशी शेल्बी आईकडे वळली. व्हर्नाने तिला पोटाशी धरलं. आईच्या खांद्यावर डोकं टेकून शेल्बी हुंदके देत म्हणाली, "यांना कुणी सांगितलं गं, आई? मी तर तुझ्याशिवाय कुणाजवळच बोलले नव्हते."