अर्धपोटी

रातकिड्यांच्या एकाच चोखंदळ मादीची पिल्लं एका तरुण संशोधिकेने प्रयोगशाळेत दोन पेट्यांत वाढवली होती. एका पेटीत पोटभर, दुसरीत अर्धपोटी. मोठेपणी जोडीदार निवडताना आईकडून आलेला स्वभाव वरचढ ठरतो की लहानपणीची भूक, हे एकदाचं कळावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. रोज दुपारी तिची आई डबा घेऊन यायची आणि लेक हात धुऊन येईपर्यंत पेट्यांशीच गप्पा मारत बसायची.

"ही अर्धपोटी वाढलेली पुढे काय करेल गं?" आईने सुरुवातीलाच विचारलं होतं.

"पहिला जो गाईल त्यालाच हो म्हणेल बहुतेक."

आज त्या पेटीतली मादी नरासमोर सोडली. बिचारा जीव तोडून गायला, पण तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या बहिणींनीही तेच केलं.

"भूक हरली, आई! रक्त जिंकलं!" लेक नाचायचीच बाकी राहिली.

आईचा चेहरा पडला. "अगं, त्या पेटीत मीच रोज थोडं खायला टाकत होते."

लेकीने कपाळावर हात मारला. "अख्खा प्रयोग पाण्यात घातलास! का पण?"

आई डब्याचं झाकण लावत राहिली. "तुझ्या बाबांना मी पहिल्याच भेटीत हो म्हटलं ना, तेव्हा त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरातून जेवणाचा वास येत होता."