मुळापासून

बायकोवर नजर ठेवायला घरात कॅमेरा त्यानेच बसवला होता, आणि तिला मारून झालं की त्यातलं रेकॉर्डिंग पुसायचाही तोच. नुसतं डिलीट करून त्याचं समाधान व्हायचं नाही. रेकॉर्डिंग जिच्यात साठायचं ती टेबलावरची काडेपेटीएवढी एसएसडी तो रोज फालतू फायलींनी काठोकाठ भरायचा आणि परत कोरी करायचा. पुसायचं तर मुळापासून.

आज त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मग हात धुऊन कॉम्प्युटरपुढे बसला. पण डिलीट केलेली फाईल पुन्हा पुन्हा जशीच्या तशी समोर येत होती. वैतागून त्याने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"झिजली ती, साहेब. आता नवीन काही लिहिता येणार नाही की जुनं पुसता येणार नाही. आहे ते फक्त बघता येईल."

"एवढ्यात कशी झिजली?"

"रोज अख्खी भरून पुसल्यावर काय होणार? घरच्या साध्या वापरात वर्षानुवर्षं टिकते. इतकं पुसलं नसतंत, तर अजून कितीतरी वर्षं पुसता आलं असतं."

फोन आपटून तो हातोडी आणायला बाल्कनीत गेला. मागे दाराला आतून कडी लागली.

तो दाराच्या काचेवर घाव घालत होता तोवर तिने वायरीतून एसएसडी उपटली आणि मुठीत घेऊन जिना उतरली. कपाळावरून रक्त ओघळून डोळ्यात जात होतं. सवयीने तिची बाही वर गेली, आणि तिने ती तशीच खाली घेतली.

पोलीस चौकीपर्यंत तिने काहीच पुसलं नाही.